पिंपळगावचे आकडे

"पिंपळगाव राजा या गावाचे आकडे काढून टाक, मग अहवालावर सही करतो," चिंतामण सर म्हणाले.

नीरजा त्यांच्या हाताखाली पीएच.डी.साठी जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे डोळ्यांना-फुप्फुसांना झोंबणारा वायू, मोजत होती. एक यंत्र मलकापूरला महामार्गालगत, दुसरं पिंपळगावात कोकिळामावशींच्या गच्चीवर. ट्रकांचा धूर मलकापुरात, आणि ओझोन जास्त निघाला पिंपळगावात! सरांच्या मते गावातलं यंत्रच बिघडलेलं होतं.

"सर, ओझोन धुरांड्यातून निघत नाही. धुरातले वायू वाऱ्याबरोबर पुढे सरकतात, त्यांच्यावर कडक ऊन पडलं की वाटेत तो तयार होतो. रस्त्यालगतचा ताजा धूर तर उलट त्याला खाऊन टाकतो."

"मलाच शिकवतेस? परीक्षक हसतील."

नीरजाचे कान तापले. दुसऱ्या दिवशी तिने मलकापूरचं यंत्र उतरवलं, एसटीत मांडीवर धरलं आणि थेट पिंपळगाव गाठलं.

"आता दोन-दोन काऊन वं?" कोकिळामावशींनी विचारलं.

"सर म्हणतात, तुमच्या गच्चीवरचं यंत्र खोटं बोलतं."

"मंग दुपारी माह्ये डोये चुरचुरतात, ते बी खोटंच असंन! मांड, मांड इथं."

आठवडाभर दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी चालली. ऊन चढलं की दोन्हींचे आकडे बरोबरीने चढायचे, सांज झाली की बरोबरीने उतरायचे. बिघाड कुठेच नव्हता.

सरांनी आलेख न बघताच बाजूला सारले. "सही होणार नाही."

"नका करू, सर. आकडे मी काढणार नाही. विद्यापीठाच्या समितीपुढे सहीशिवाय उभी राहीन. तुमचा आक्षेप तिथे सांगा."

सरांनी तो सांगितलाही. समितीतले एक सदस्य चष्मा सरकवत म्हणाले, "तुमच्या मार्गदर्शकांनाच पटत नाही, तर आम्ही का मानावं?"

नीरजाने दोन्ही यंत्रांचे आलेख त्यांच्यापुढे सरकवले. "मानू नका. पिंपळगावला या आणि स्वतः मोजा."

कोणीच हसलं नाही. समितीने अहवाल मंजूर केला नाही, फेटाळलाही नाही. आणखी एक वर्ष, आणखी एका गावात मोजून दाखवा, असं ठरलं. सर तिच्याकडे न बघता निघून गेले.

एक वर्ष गेलं होतं हातचं. बाहेर येऊन तिने मावशींना फोन लावला. "वडनेर भोलजीला कोणाची गच्ची मिळेल का?"

"हाव, माही बहीण हाय तिथं. पण माह्या गच्चीवरचं यंत्र हलवू नको."

"कोणी सांगितलं तरी नाही हलवणार," नीरजा म्हणाली.