लेकीचं नाव रेनाता

लेक माझी, पण नाव ठेवायचा मान तिच्या आत्याचा. शिवरंजनी वन्सं पुण्याहून मुरूमला आल्या त्या नाव पक्कं करूनच.

"रेनाता," बारशाच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "इटलीतलं नाव आहे, मूळ लॅटिन. 'रे' म्हणजे पुन्हा, 'नाता' म्हणजे जन्मलेली."

"नाता झालं, आन् गोता कुठाय?" शेजारच्या गिरिजाबाईंनी विचारलं. बाया हसल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पुन्हा जन्मलेली... माझा रुद्रेशच आला म्हणा की!"

रुद्रेश माझा पहिला. दीड वर्षाचा होऊन तापात गेला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. शेतात चिंचेखाली त्याला बसवलं आणि माती दिली. तेव्हा आमचे जंगम स्वामी मला म्हणाले होते, "रडू नको, बाई. लेकरू लिंगैक्य झालं. शिवात मिळालेलं परत येत न्हाय." त्या एका बोलावर मी पुन्हा चार घास खायला लागले.

तेच स्वामी आज लेकीच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला आले होते. पाण्याचा तांब्या पुढं ठेवून मी हळूच म्हणाले, "स्वामी, परत येत न्हाय म्हणाला होता ना तुम्ही? तेवढं आईंना सांगा. ही दुसरी हाय. हिला हिचं नाव असू द्या."

स्वामींनी पाणी पिऊन तोंड पुसलं. "म्हातारीच्या जिवाला बरं वाटतंय. वाटू दे की."

तेव्हाही निव्वळ माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणूनच बोलला होतात का, असं मनात आलं; मी रिकामा तांब्या उचलला.

वन्संनी पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं. बायांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. सासूबाईंनी पेटीतून रुद्रेशचा चांदीचा करदोडा काढला आणि लेकीच्या कमरेला बांधला. ढिला झाला. "बसंल हळूहळू. त्याचाच हाय," म्हणाल्या.

लेक रडायला लागली. तिला घेऊन मी आतल्या खोलीत पाजायला बसले. सासूबाई मागोमाग आल्या, शेजारी टेकल्या.

"बघ, अगदी तसाच पितोय."

"न्हाय, आई. तो डोळे मिटून प्यायचा. ही बघा, माझ्याकडं बघत पिते."

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग लेकीच्या डोळ्यांवर हलकेच तळहात ठेवला.