कलेजीची वाटी

मरीमायच्या ओट्यासमोर, कडुनिंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर मी नवरदेवासारखा बसलो होतो, आणि उठून पळायची सोय नव्हती. उजव्या पायाचा अंगठा पहाटेपासून टम्म फुगला होता. सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढलो, सगळ्यांच्या आधी उतरलो, खुर्ची गाठली आणि पायावर दुपट्टा सोडला. तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, "भगवानराव, लय थाटात बसले!" बसलो बाबा. तुमचं काय जातं?

ही कंदुरी माझ्यासाठीच होती. मी बरा झालो म्हणून माझ्या बायकोनं, बेबीनं, बोललेला बकरा आज फेडायचा होता. चुलीवर मटण रटरटत होतं, अर्धं फुलसावंगी जेवायला लोटलं होतं, आणि ज्याच्या नावानं हा सगळा गाजावाजा, तो बरा झालेलाच नव्हता.

हिवाळ्यात अंगठा पहिल्यांदा सुजला, तेव्हा माझ्या पिठाच्या गिरणीत कुठंतरी ठेच लागली असेल म्हणून मी हळद-चुना लावून बसलो. शेवटी बेबीनं मला पुसदला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले, छातीची पट्टी काढली आणि विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? म्हटलं, थोरल्या भावाला. पन्नाशीच्या आतच गेला. पंगतीतून उठला, गॅस धरला म्हणाला, आणि संपला.

"मग युरिक ॲसिड म्हणजे नुसतं अंगठ्याचं दुखणं समजू नका," डॉक्टर म्हणाले. "ज्यांचं ते वाढलेलं असतं, त्यांच्यात हृदयाचे आजारही जास्त दिसतात. त्यात तुमचं बीपी जास्त, वजन जास्त, भाऊ असा गेलेला. दारू बंद, मटण बंद, कलेजीकडे तर बघूही नका. आणि दुखणं थांबलं तरी गोळी थांबवायची नाही."

मी ऐकलं अंगठा. बेबीनं ऐकलं हृदय. गावात आल्यावर नलूवहिनी, म्हणजे माझ्या त्या भावाची बायको, तिला म्हणाली, "माह्या माणसासाठी मी नवस बोलली नाई, म्हणून तो गेला. तू बोल." बेबी बोलली. मरीमायला बकरा, आणि मी बरा होऊन कंदुरीचा पहिला घास खाईपर्यंत तिच्या पायात चप्पल नाही.

चैत्र लागला. आमच्याकडे तेव्हा डांबर तळव्यांना चिकटतं. ती त्यावरून अनवाणी माझा डबा घेऊन गिरणीत यायची. टाचा चिरल्या, फोड आले. मी रागावलो, ओरडलो, एकदा तर चप्पल तिच्यापुढे फेकली. तिचं एकच, "तुमी बरे व्हा, मंग घालतो."

गोळ्यांनी ठणका तर थांबलाच होता. मग एक दिवस मी जाहीर करून टाकलं, "झालो बरा! पथ्यबी सुटलं!" आता बरा झालेला माणूस रोज गोळी कशी खाणार? ती विचारणारच, काहून घेता मंग? गोळ्या बंद केल्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

खुर्चीसमोर नलूवहिनी वाटी घेऊन आली. वाटीत कलेजी, वर लाल तर्री. तिच्यामागे बेबी, हातात कापडी पिशवी.

"घ्या भाऊजी, पहिला मान तुमचा."

"वहिनी, जरा दमानं..."

"दमानं कायले? तुमच्याखातर पंगत अडून राह्यली."

खरंच अडली होती. पत्रावळी वाढलेल्या, आणि सगळी तोंडं माझ्याकडे. बेबीनं पिशवीतून नवी चप्पल काढली, भुईवर ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी घास उचलला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. एका घासानं काय होतं, असं मनात आलं. दादालाही शेवटच्या पंगतीत असंच वाटलं असेल. छातीत धडधडायला लागलं, आणि ही धडधड भीतीची की दादाला झाली तसली, मला कळेना. घाम फुटला. खावं तर हृदय, न खावं तर हिचे पाय, आणि पळावं तर हा अंगठा. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो.

तेवढ्यात बेबीनं एक पाय चपलेत सरकवला. घाई झाली होती बिचारीला. तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मला रडूच फुटलं. घास वाटीत टाकला आणि दुपट्टा ओढून काढला.

"बेबी, मी बरा नाई झालो. गोळ्या बंद केल्या म्या. तुह्या पायांपायी खोटं बोललो."

ती खाली बसली. अंगठ्याला बोट लावलं. मी बोंबललो. मग तिनं हळूच आपला पाय चपलेतून काढून घेतला.

"काढू नको वं. पाया पडतो तुह्या."

"पाया कायच्या पडता? उभं राह्यता येते का तुमाले?"

चप्पल पिशवीत गेली. पंगतीकडे वळून ती म्हणाली, "जेवा तुमी सगळे."

"मंग नवसाचं काय?" वहिनीनं विचारलं.

"नवस राह्यलाच. पण आता बकरा नाई बोलत." मग माझ्याकडे बोट करून, "यायनं रोज गोळी घ्यावी. रिपोर्ट साफ आला का मी चप्पल घालतो. तवरलोक नाई."

वहिनी वाटी घेऊन तिथंच बसली. "माह्या माणसानं असं सांगतलं असतं तं," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

आता रोज सकाळी बेबी गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहते, मी गिळेपर्यंत हलत नाही. डॉक्टरांना वाटतं, मी हृदयाला भिऊन गोळी घेतो. मी तिच्या पायांकडे बघून घेतो. रिपोर्टला अजून वेळ आहे, आणि आमच्या अंगणातली फरशी सकाळीच तापते.