तीन टोप्या, एक गळा

आमच्या घरात सिनेमा बघायचा म्हणजे कोण कोणाचा कोण ते आधी सासूबाईंना सांगायचं, मगच तो पुढे सरकतो. या वेळी मात्र सांगणारी मीच पार गोंधळले होते.

सिनेमा परदेशातल्या दारूबंदीच्या काळातला. काय एकेकाचा थाट! कडक इस्त्रीचे सूट, चकाकते बूट, लांबलचक काळ्या मोटारी आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. टोपी डोळ्यांवर ओढली की चोरटी दारू विकणारा म्होरक्या कुठला आणि त्याच्या मागावरचा इन्स्पेक्टर कुठला, काही कळायला मार्ग नव्हता. त्यात दोघांचा आवाज एकच. माझ्या नवऱ्याचा.

हे परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज देतात. म्होरक्याचं काम म्हणजे यांचं पहिलं मोठं काम. पण इन्स्पेक्टरला आवाज देणाऱ्याचा ऐन वेळी घसा बसला. स्टुडिओवाल्यांना घाई. 'तुम्हीच जरा जाड आवाजात उरकून टाका' म्हणाले, आणि यांना कधी कोणाला नाही म्हणता आलंय?

घरीही तेच. सासऱ्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे. गुडघ्यांमुळे त्यांना आता शिडी चढवत नाही. "तुझं ते काम एकदा दाखव," ते यांना म्हणाले होते. "त्यात काही दम दिसला तर मी गप्प बसेन. नाहीतर सोमवारपासून दुकानात यायचं." हे लगेच 'चालेल' म्हणून मोकळे! आज रविवार. दुपारची जेवणं उरकून आम्ही पडदे ओढून बसलो होतो आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हा पोलीसच चोर आहे ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. तो वेगळा, हा वेगळा."

"मग बोलतात कसे सारखे? जुळे असतील."

तेवढ्यात म्होरक्याने इन्स्पेक्टरला फोन लावला. माझा नवरा माझ्या नवऱ्याला जिवे मारायची धमकी द्यायला लागला आणि माझा नवरा त्याला मुळीच भीक घालेना.

"स्वतःशीच बोलतोय," सासूबाई हळहळल्या. "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या."

मला हसू फुटलं आणि दुसऱ्या क्षणी स्टुडिओवाल्यांचा असा राग आला म्हणून सांगू! या माणसाने इतकी वर्षं गरम पाणी पिऊन गळा जपला, तो यासाठी? सासरे मांडीवर रिमोट ठेवून पडद्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या काही केल्या हलत नव्हत्या.

मग एक गोदाम आलं. म्होरक्याची माणसं आत घुसली आणि "माल कुठाय?" म्हणून ओरडली. टोपी घातलेला एक म्हातारा पाठमोरा वाकून पिंपं हलवत म्हणाला, "बघू हं... असेल, असेल. इथेच कुठेतरी असेल. जाणार कुठे?"

सासऱ्यांनी सिनेमा थांबवला.

मलाही चटकन जाणवलं. गिऱ्हाईकाने कसलाही स्क्रू मागू दे, दुकानात तो नसला तरी सासरे कधी 'नाही' म्हणत नाहीत. पाठमोरे उभे राहून डबे हलवत हेच म्हणतात, आणि कुठून तरी मागवून देतातच.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"गोदामवाला," हे पुटपुटले. "छोटं काम होतं, तेही माझ्याकडेच आलं. मूळ सिनेमात तो नुसता हुं हुं करतो. पण पाठमोरा होता ना, ओठ दिसत नव्हते. काहीही भरता आलं असतं. मला तुम्ही आठवलात."

"मी असा बोलतो?"

"अगदी असेच," सासूबाई म्हणाल्या. सिनेमातलं त्यांना पहिल्यांदाच काहीतरी नीट कळलं होतं.

सासऱ्यांनी तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग पुन्हा. ते रागावलेत की सुखावलेत, मला काही केल्या ओळखता येईना. शेवटी त्यांनी सिनेमा पुढे जाऊ दिला, तर गोळीबारात गोदामवाला पडला.

"कोणाची गोळी लागली?"

"इन्स्पेक्टरची," हे म्हणाले.

"म्हणजे तूच मारलंस."

"हो."

"आणि मेला तोही तूच."

"हो, बाबा."

सासरे गुडघा चोळत बसून राहिले. सिनेमा संपला, मी पडदे सरकवले.

"सिनेमा काही मला कळला नाही," ते अखेर म्हणाले. "पण तो म्हातारा जायला नको होता."

एवढंच. आता याचा अर्थ काय लावायचा? यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे.

सासूबाईंना मात्र धीर नव्हता. "ते राहू द्या. उद्या हा दुकानात येतोय ना? शिडीवर कोण चढणार?"

सासरे उठले आणि आमच्याकडे पाठ करून कपाटात चष्म्याचं घर शोधायला लागले.

"बघू हं," ते म्हणाले. "मिळेल दुसरा कोणीतरी शिडी चढणारा. असेल, असेल. इथेच कुठेतरी असेल. जाणार कुठे?"