अर्ध्या ताटाचं पार्सल

मी 'पार्सल' बोलतोय. पुडक्यातलं जेवण नव्हे, नुसता शब्द. मला बूड टेकायलाही उसंत नाही. जरा कुठे विसावतोय, तोच गल्ल्यावरून हाक येते, "एक पार्सल!" की निघालो पुन्हा दाराबाहेर.

माझं मूळ लांबचं. परक्या, जुन्या भाषेत माझ्या पूर्वजाचा अर्थ होता लहानसा भाग. इंग्रजीत वाढलो आणि तिथून मराठीत आलो. टपालात होतो तेव्हा काय रुबाब होता माझा! सुतळी, लाखेची मोहोर, आणि पोस्टमनने पुकारलं की सगळं घर दारात. मग खानावळवाल्यांनी मला उचललं. आता अंगावर रश्श्याचे डाग. एखादा नग दिसला, तरी लोक म्हणतात, "काय पार्सल आहे!" माझं मत कोण विचारतो?

एका खानावळीने मात्र माझा जीव टांगणीला लावला. तिथे रोज दुपारी एक म्हातारे शिंपी यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्यांमुळे बायको पंधरा महिने जिना उतरली नव्हती. मास्तर एकच ताट मागवायचे आणि घास घेण्याआधी वाढप्याला सांगायचे, "अर्धं पार्सल कर रे."

घरी गेल्यावर म्हणायचे, "मी पोटभर जेवून आलोय. हे तुझं वेगळं."

दोन ताटं रोज परवडत नव्हती, आणि ते बायकोला सांगायची लाज वाटत होती. थाप त्यांची, पण ती वाहायचो मी. मास्तरांचा सदरा अंगावर लोंबायला लागला, शिंप्याच्या अंगावर! मला चैन पडेना. कुणाला सांगावं, तर तेव्हा मला तोंड कुठे होतं?

मास्तरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, कुरकुर वेगळीच. "पुडक्यात वाफ धरते हो. तळलेला मासा पार मऊ पडतो. मला एकदा तिथे बसून गरमगरम खायचंय."

एके दुपारी कठडा धरून, दर पायरीला थांबत, त्या खरंच उतरल्या. मास्तरांनी ऐटीत दोन ताटं मागवली. नुसते हरखून गेले होते. आणि ताट पुढ्यात येताच सवयीने बोलून गेले, "अर्धं पार्सल कर रे."

वाढपी हसला. "अहो मास्तर, काकू इथेच बसल्यात की! आज तरी पूर्ण ताट जेवा."

काकूंचा हात थांबला. "आज तरी म्हणजे?"

वाढप्याने जीभ चावली. मास्तर पाण्याचा पेला नुसता फिरवत राहिले.

"म्हणजे मी रोज तुमच्या ताटातलं खात होते?"

"तुला पुरत होतं ना?"

काकूंना रडू फुटलं. मग पदराने डोळे पुसून त्या कडाडल्या, "जेवा आधी. मी बघत्येय." मास्तरांचं ताट रिकामं होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "उद्यापासून अख्खं ताट घरी आणायचं. माझ्यासमोर वाटायचं."

आता रोज त्यांच्या घरी माशाचा मोठा तुकडा दुसऱ्याने खावा यावरून भांडण होतं. मी ते ऐकायला थांबू पाहतो, तेवढ्यात खालून कुणीतरी मला हाक मारतंच.

जाता जाता एक विनवणी. "मी जेवून आलोय" म्हणत कुणी मला तुमच्या हातात ठेवलं, तर पुडकं सोडण्याआधी त्याला समोर बसवा आणि विचारा, "खरं सांग, काय जेवलास?"