माझ्या पानावर पाट नव्हता

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मुंबईच्या छापखान्यात जन्मलो आणि दहिवलीच्या हेमचंद्र गुरुजींनी मला घरी आणलं. पंचक्रोशीत कुठे इंग्रजी कागद आला की लोक गुरुजींकडे धावत आणि गुरुजी माझ्याकडे. "कोशात आहे म्हणजे आहे," असं ते म्हणायचे. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू!

लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीस साली, पोशीरची भागूबाई चिखलाच्या पायांनी आली. तिचा नवरा येसाजी पलटणीत होता. ब्रह्मदेशात जखमी होऊन तो पुण्याच्या इस्पितळात पडला होता. भेटीला फक्त घरच्यांना सोडत, आणि त्यासाठी नातं लिहिलेला कागद लागे.

तिने आणलेल्या त्या इंग्रजी कागदावर 'मॅरेज' असा शब्द होता. गुरुजींनी माझं पान काढलं. त्यावर होतं : लग्न, विवाह.

"भागूबाई, येसाजीशी तुझं लग्न कधी झालं?"

"लगीन पयल्या दादल्याशी झालं, गुरुजी. त्यो मेला. येसाजीसंगं माजा पाट लागलाय."

तिच्या लोकांत बाईचं लग्न एकदाच. विधवेने पुन्हा संसार मांडायचा, तो पाट. मांडव नाही, वाजंत्री नाही. चार माणसांदेखत नवं लुगडं नेसली, हिरवा चुडा भरला की ती त्याची बायको. येसाजीची दोन पोरं तिच्या पदरात होती. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या पानावर पाट नव्हता. सरकारी कागदावर खोटं नको म्हणून त्यांनी लिहिलं, 'लग्न झालेलं नाही.' भला माणूस, पण पुस्तकापुढे अक्कल गहाण टाकली!

भागूबाई तो कागद पदरात बांधून आगगाडीने घाट चढली. इस्पितळाच्या फाटकावरच्या शिपायाने तो वाचला आणि तिला बाहेरच ठेवलं. तीन दिवस ती तिथेच बसून होती. चौथ्या दिवशी इस्पितळाच्या धोब्याने येसाजी गेल्याचं सांगितलं.

परतल्यावर ती गुरुजींच्या ओट्यावर उभी राहिली. रडली नाही.

"आत त्यो माजी वाट बगत व्हता, गुरुजी. तुमच्या बुकात मी त्याची कुनीच नाय का?"

गुरुजींनी मला उचलून फडताळात ठेवलं. त्यानंतर त्यांनी मला उघडलं नाही. फडताळात वाळवीने माझी पाठ खाल्ली. त्याचं दुःख आहे, तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, त्यांना शब्द विचारा. पण समोर माणूस उभं असेल, तर आधी त्याचं ऐका. पोशीरची भागूबाई येसाजीची बायको होती. हे माझ्यात कुठेच छापलेलं नाही, म्हणून तोंडाने सांगतो.