आत्याबाईंचा टाका आणि माझा काटा

मी जुना आहे, हे माझ्या काचेवरचे ओरखडेच तुम्हाला सांगतील, मित्रांनो. मला बूस्ट मीटर म्हणतात. काही गाड्यांत इंजिनाला जास्तीची हवा फुंकणारा टर्बो असतो. तो किती जोरात फुंकतोय, हे माझा काटा दाखवतो. इंजिन नुसतं गुरगुरत असलं की मी शून्याच्या डावीकडे, आणि गाडीने जोर धरला की उजवीकडे.

तरुणपणी मी एका शर्यतीच्या गाडीत होतो. ती इतकी पळायची, की तिची सावली तासाभराने धापा टाकत मागून यायची. खोटं सांगत असेन तर माझा काटा गळून पडो! पुढे ती गाडी मोडीत निघाली आणि मी गॅरेजमधल्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. बारा वर्षं! शेजारी एक हॉर्न होता, तोही मुका. बढाया मारायच्या तरी कोणापुढे?

एके दिवशी झाकण उघडलं. गॅरेजवाल्या ताईने मला पुसून लख्ख केलं आणि आपल्या आत्याच्या टर्बोवाल्या गाडीत बसवलं. आत्याबाई शिवणकाम करायच्या आणि कपड्यांचे गठ्ठे घेऊन रोज चढावरच्या दुकानात जायच्या. ताईने इंजिनापासून माझ्यापर्यंत मऊ रबरी नळी आणली आणि ती हात धुवायला गेली.

तेवढ्यात आत्याबाईंना डॅशबोर्डखाली लोंबणारी नळी दिसली. लोंबणारं काही त्यांना बघवत नाही. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला, नळीला सात वेढे दिले, ती वायरींच्या जुडग्याला आवळून टाकली आणि वर पक्की गाठ मारली.

इंजिन सुरू झालं. मी काटा हलवायला गेलो, तर हलेचना! ताईने पेडल दाबलं. तरीही शून्य.

"गेला वाटतं हा," ताई म्हणाली.

"मग डब्यातलं कशाला चिकटवलंस? भाची म्हणून काहीही खपवशील का गं?"

"बघते अजून एकदा. नाहीच हलला, तर परत डब्यात."

परत त्या मुक्या शेजाऱ्याकडे! मित्रांनो, माझ्या काचेला आतून घाम फुटला.

पण ताई चिवट. तिने इंजिन बंद केलं, माझी नळी काढली आणि हातपंपाने मला हळूच हवा दिली. काटा टुणकन उठला!

"अगं, हा तर ठणठणीत आहे!"

मग तिने नळीचं इंजिनाकडचं टोक सोडवून त्यात फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण हवा काही पुढे सरकेना. नळी चाचपत ती डॅशबोर्डखाली शिरली आणि तिथूनच ओरडली,

"आत्या! ही नळी बटणासारखी कोणी शिवली?"

"मी! लोंबत होती ना. माझा टाका जन्मात उसवत नाही, बरं का."

"म्हणूनच हा बिचारा गुदमरलाय!"

आत्याबाईंनी जीभ चावली आणि पर्समधून कात्री काढली. कच्! ताईने नळीची दोन्ही टोकं पुन्हा जोडली. इंजिन सुरू होताच मी डावीकडे झुकलो आणि चढ लागताच असा उजवीकडे धावलो, की आत्याबाई स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाल्या, "अगंबाई, हा तर नाचतोय!"

आता माझी नळी दोऱ्याच्या सैल फासात असते. त्यातून बोट सहज जातं. तो फासही आत्याबाईंचाच, आणि तोही उसवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू अशीच गप्प बसली, तर तिला लगेच डब्यात टाकू नका. आधी तिचा गळा कुठे आवळला गेलाय का, ते बघा. ताईने तेच केलं. दुसऱ्या दिवशी तिने तो मुका हॉर्न तपासला, तर त्याची फक्त एक वायर तुटलेली निघाली. आता तोही याच गाडीत आहे. बारा वर्षांचं साठलेलं बोलून घेतोय, आणि मला मेला एकही बढाई पुरी करू देत ना...

ऐकलंत? वाजला!