भात्यावरची लेक

पाइपांचा कारखाना बंद पडला आणि जावई बायकोला घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा सासऱ्याने त्याला एका शब्दाने काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी फक्त झाडू पुढे केला.

"पाहुणे, राख फार साचलीय."

सासरा लोहार होता. आख्खी गल्ली त्याला वस्ताद म्हणायची. शब्द मऊ, मार कडक, अशी त्याची जीभ. गिऱ्हाईक आलं की जावयाला मुद्दाम हाक मारून पुढे बोलवायचा आणि ओळख करून द्यायचा, "हे आमचे जावई. पूर्वी पाइपांना आटे पाडायचे, आता खुर्चीला खळगा पाडतात." गिऱ्हाईक हसायचं. जावईही हसायचा, नाही हसला तर पुढचं वाक्य याहून वाईट यायचं.

लेक हे सगळं भात्याची मूठ फिरवत ऐकायची. आठव्या वर्षापासून ती त्या भात्यावर होती. लग्न झालं तेव्हा सुटली, आणि माहेरी परतल्या दिवशी दुपारीच पुन्हा मूठ हातात आली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर होता. बाप तिच्याकडे न बघता बोटाने खुणावायचा, वाढव, कमी कर. भात्याशी जेवढं बोलावं तेवढंच.

जावई वरून थंड दिसला तरी आतून पेटला होता. एक दिवस त्याने मागच्या अंगणात गॅसची जुनी रिकामी टाकी आणली, झडप काढून ती तोंडोतोंड पाण्याने भरली आणि मगच कापली. आतून उष्णता धरणारी लोकर लावली, वर भट्टीच्या मातीचा लेप दिला. मग बर्नरला लागला. पाऊण इंची पाइप, त्याच्या शेपटाला रुंद तोंडाचा जोड, आणि त्या तोंडात आडवी बसवलेली पितळेची बारीक नळी. नळीच्या छिद्रातून गॅस जोरात सुटणार, जाता जाता बाहेरची हवा आत ओढून घेणार, ना कोळसा ना भाता. लेकीने ते ऐकलं आणि तिचा खांदा पहिल्यांदाच हलका झाल्यासारखा वाटला.

पेटवायच्या दिवशी वस्तादांनी सुताराला बोलावलं, टायरवाल्याला बोलावलं, समोरच्या शिंपिणीलाही बोलावलं. "या, या. पाहुणे चंद्रावर चाललेत."

जावयाने गॅस सोडला, काडी लावली. ज्वाळा निघाली ती पिवळी, लोळागोळा. दोनदा फडफडली, उलटी पाइपात शिरली आणि फाट्कन वाजली. जावई मागे आपटला. एक भुवई होती तशी, दुसरीच्या जागी जळक्या केसांचा वास. सुतार तर पोट धरून खालीच बसला.

"लागलं का हो?" लेक धावली.

"त्याला काय लागतंय," वस्ताद म्हणाले, "लागायला अंगाला काही लाज असावी लागते."

त्या दिवसापासून जावयाचं नाव 'फुसका' पडलं. लोक काम सांगायला यायचे आणि आधी विचारायचे, "फुसका कुठाय?" महिनाभर त्याने झाडू मारला आणि उरल्या वेळात बर्नर खोलला, जोडला, पुन्हा खोलला. ज्वाळा पिवळी ती पिवळीच.

लेकीला डोळे मिटूनही कळत होतं. आयुष्यभर तिने आगीचा श्वास ऐकला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "हिला धाप लागलीय. गॅस उदंड, वारा कमी. छिद्र मोठं पडलंय तुमचं. बारीक करा, म्हणजे गॅस जोरात सुटेल आणि वारा ओढेल. आणि ते मधोमध नाहीये, एका कडेला फुंकतंय."

"तू भाता फिरव," नवरा म्हणाला. "पाइपातलं मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याने नवी नळी घेतली, सुईएवढं छिद्र पाडलं, दोरा धरून मधोमध बसवली. काडी लावताच भट्टी गरजली. निळी, आखूड, घट्ट ज्वाळा. कांब काही मिनिटांत पिवळीधमक. "आलं ना डोक्यात!" तो स्वतःचं कपाळ ठोकत ओरडला. लेक उंबऱ्यात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा, पण ते नुसतं आनंदाने.

त्याच आठवड्यात कुंपणवाली आली. कुंपणं आणि फाटकं बनवायचा तिचा मोठा कारखाना होता, आणि तिला कुंपणाच्या गजांवर बसवायचे दीडशे टोकदार भाले हवे होते. जावई म्हणाला, "वस्ताद, तुम्ही कोळशावर करा, मी गॅसवर करतो. बाई बघतील." वस्ताद माघार घेणाऱ्यातले नव्हते. लेक भात्यावर बसली. जावयाचे सात झाले तेव्हा म्हाताऱ्याचे तीन झाले होते. त्याने बोटाने खुणावलं, वाढव. ती म्हणाली, "बाबा, पुरे आहे." त्याने पुन्हा बोट हलवलं. तिने वाढवला. कांब बाहेर आली ती ठिणग्या उडवत, टोकाला फुटाण्यासारखी फुललेली. लोखंड जळलं होतं. पन्नास वर्षांत वस्तादांनी गिऱ्हाइकासमोर लोखंड जाळलं नव्हतं.

जावयाने ती कांब पाण्यात बुडवली, तार गुंडाळली आणि दुकानाच्या दारावर टांगली. "असू द्या. वस्तादांच्या हातचं आहे." येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, हे काय? जावई दर वेळी पहिल्यापासून सांगायचा. म्हातारा आत बसून दर वेळी पहिल्यापासून ऐकायचा.

पंधरा दिवसांत जावयाने कोळशाची भट्टी फोडली. विटा वस्तादांनाच उचलायला लावल्या. भाता भंगारवाल्याच्या गाडीवर चढला.

कुंपणवाली भाले न्यायला आली होती, दोघं पुरुष मोजून देत होते, तेव्हा लेक पुढे आली. "आता भाता राहिला नाही," ती नवऱ्याला म्हणाली, "तर मला घणावर घ्या. मला कांबीचा रंग कळतो."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. "ही घण मारणार? त्या वाकड्या खांद्याने?" आणि जावई फिस्सकन हसला. मग दोघंही हसले, खदाखदा, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत. वर्षभरात त्या दोघांना एका गोष्टीवर एकत्र हसताना तिने पहिल्यांदा पाहिलं.

कुंपणवाली हसली नाही. गाडीत बसताना लेकीला म्हणाली, "माझ्याकडे घण आहेत, भट्टी नाही. करून देशील?"

संध्याकाळी लेकीने कपड्यांची पिशवी भरली. नवरा म्हणाला, "जा. चार दिवसांत नाक घासत येशील." कारखान्यामागे तिला एक खोली मिळाली. बर्नर तिने दोन दिवसांत केला. पहिल्या काडीला पेटला.

तिकडे महिन्याभराने जावयाची नळी कचऱ्याने तुंबली. साफ करायच्या घाईत त्याने छिद्रात जाड तार घुसवली, छिद्र फाकलं. ज्वाळा पुन्हा पिवळी पडली. नवी नळी केली, ती वाकडी बसली. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. शेवटी त्याने सासऱ्याला पाठवलं, "जा, घेऊन या तिला. तुमची लेक आहे."

म्हातारा भर दुपारी चालत आला आणि कारखान्याच्या दारात थांबला. लेक ऐरणीवर होती. तिने त्याला पाहिलं. हातातला भाला पुरा केला, बाजूला ठेवला.

"पोरी, पाणी मिळेल?"

"पिंप बाहेर आहे."

तो पाणी पिऊन परत आला. शेजारी रिकामं स्टूल होतं. तिने त्यावर चिमटा ठेवला.

"त्याला जमत नाहीये. तू नुसतं बघून जा. तुझ्यासारखं कोणाला कळत नाही, मला माहीत होतं गं. पहिल्यापासून माहीत होतं."

हे ऐकायला तिने किती वर्षं मूठ फिरवली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. तिने दुसरी कांब भट्टीत घातली. त्या दिवसाचं काम खरं तर संपलं होतं.

"वस्ताद, बाजूला व्हा," ती म्हणाली, "उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. तिने तिसरी कांब घातली, मग चौथी. सावली भिंतीवर चढेपर्यंत तो उभा होता. तिने मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलंही. तेच तिला रात्रभर टोचत राहिलं, आणि सकाळी सहाला तिने भट्टी पेटवली.